सहा जानेवारीचे पेढे

आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनची आहेत. मी एक जूनचा, माझा मोठा भाऊ एक जूनचा, शेजारच्या घरातले तिघं एक जूनचे. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, "कधीचा आहे?" बाप सांगायचा, "बैल मेला त्या सालचा." मास्तर बोटावर मोजून साल धरायचे आणि पुढे एक जून टाकून द्यायचे, म्हणजे शाळा भरायच्या वेळी पोराची सहा वर्षं बरोबर पुरी. कुणाचं काही बिघडलं नाही. आम्ही त्याच तारखेवर मॅट्रिक झालो, त्याच तारखेवर मी कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी कुठेही सांगतो आणि सांगताना मान ताठ करतो.

पण त्याच एक जूननं मी एका माणसाचे नोकरीतले शेवटचे चार महिने घालवले. मुद्दाम नाही घालवले. तरी घालवले मीच.

तो माणूस अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर होता. बरण्या धुणं, ब्युरेट लावणं, लेबलं चिकटवणं, गॅसचा वास आला की खिडक्या उघडणं. विनाअनुदानित तुकडीतली नोकरी, पेन्शन वगैरे काही नाही. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. मी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून सकाळच्या गाडीनं यायचो. आईबापाची माळव्याची शेती, गाडीत माझ्यासोबत वांग्यांची पोती असायची, ती स्टेशनावर उतरवून द्यायची आणि मग कॉलेज. पोचायचो साडेसातला, तास साडेदहाला. चाचाकडे कॉम्प्युटर लॅबचीही किल्ली असायची. पहिल्या वर्षी एकदा मी व्हरांड्यात बसलेला दिसलो तर म्हणाला, "काहून बे, इथं बसून काय मच्छर मोजून राहिला? चाल, आत बस. पन पंखा लावू नको, बिल येते."

तीन वर्षं मी त्या लॅबमध्ये बिनपंख्याचा बसलो. जे काही शिकलो ते तिथे शिकलो. त्याची तारीखही एक जून निघाली तेव्हा त्याला फार मजा वाटली. "म्हंजे आपन जुळे भाऊ," म्हणायचा. मी नोकरीला अमरावतीला आलो तरी दर एक जूनला सकाळी त्याचा फोन ठरलेला. "जुळ्या, हाय का जित्ता?" एवढंच बोलायचा आणि हसून ठेवून द्यायचा.

आमची अमरावतीची कंपनी लहान आहे. शाळा-कॉलेजांची जुनी सॉफ्टवेअरं नव्यावर न्यायची कामं आम्ही घेतो. त्या अकोल्याच्या कॉलेजचं काम आलं तेव्हा मी साहेबांना म्हणालो, हे मीच करतो, माझं कॉलेज आहे. दिवाळीच्या सुट्टीत सगळी माहिती जुन्या डेटाबेसमधून नव्यात न्यायची होती.

जुन्या प्रोग्राममध्ये तारीख ही तारीख नव्हतीच, नुसती अक्षरं होती: दिवस, महिना, वर्ष, मध्ये तिरप्या रेघा. नव्या डेटाबेसला खरी तारीख लागते, आणि मी जसा चालवला तसा तो आधी महिना समजायचा, मग दिवस. पहिल्यांदा माहिती हलवायची क्वेरी चालवली तर धडाधड चुका आल्या. पंचवीस तारखेवाला माणूस आला की मशीन अडायचं, कारण पंचविसावा महिना नसतो. मी त्या अडलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, दिवस-महिन्याची अदलाबदल करून परत घातल्या. चुका शून्य. मी खूश.

ज्या ओळी अडल्या नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला पडला नाही. बारा तारखेच्या आतला प्रत्येक माणूस मशीननं गुपचूप उलटा करून घेतला होता. पाच मार्च तीन मे झाली होती. आणि एक जून झाली होती सहा जानेवारी.

दिसलं का नाही? दिसलं होतं. नव्या पडद्यावर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी येते. वर्षापुढे शून्य एक, शून्य सहा. ओळीमागून ओळ तेच. जन्मभर ज्यानं स्वतःची तारीख "एक सहा" अशी लिहिली त्याला त्यात काय खटकणार? मी ते एक जूनच वाचलं.

दुसऱ्याला खटकलं होतं, हे जास्त लागतं. पुण्याहून एक मॅडम आमच्या कामाची ऑनलाइन तपासणी करायच्या. त्यांनी स्क्रीन थांबवली. "एक मिनिट. इतक्या लोकांची जन्मतारीख एकच कशी? काहीतरी आपोआप भरलं गेलंय का?"

मी हसलो. म्हणालो, "मॅडम, आपोआप नाही, मास्तरांनी भरलंय. हे आमच्याकडचं आहे, तुम्हाला पुण्यात बसून नाही समजायचं." आणि दहा मिनिटं त्यांना बैल मेल्याचं साल आणि मास्तरांची बोटं समजावली. त्या म्हणाल्या, "किती छान माहिती दिलीत." शेऱ्यात लिहिलं, 'स्थानिक पद्धत, तपासले.' मला त्या दिवशी असं वाटलं की आपल्या खेड्यातलं काहीतरी पहिल्यांदा कामी आलं. त्यांना ती तारीख कोणती असायला पाहिजे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणूनच मी नीट वाचली नाही.

सहा जानेवारीला सकाळी ऑफिसात पोचलो आणि अकोल्याहून कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. जुने हेडक्लार्क जाऊन त्या नुकत्याच आल्या होत्या.

"सर, आज आमच्या कॉलेजात चाळीस जणांचा वाढदिवस आहे का हो?"

"म्हणजे?"

"सकाळी नऊला सगळ्यांच्या मोबाइलवर शुभेच्छा आल्या. प्राचार्यांना पण आल्या. स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांले केक मागून राहिले. चाचांनी तर खरंच पेढे आणले, वाटून राहिले."

मी हसून "पाहतो मॅडम" म्हणालो आणि तक्ता उघडला. पाच मिनिटं लागली. त्या चाळीसही जणांच्या जुन्या नोंदी एक जूनच्या निघाल्या.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. जुनी अक्षरं परत घेतली, या खेपेला आधी दिवस, मग महिना असं मशीनला स्पष्ट सांगितलं, एक-एक ओळ जुन्याशी जुळवली. मग पाहिलं की या चुकीच्या तारखांवरून मधल्या काळात कोणकोणते अहवाल निघाले. फक्त एक निघाला होता, डिसेंबरात. येत्या सहा महिन्यांत साठ पूर्ण होणारे कर्मचारी. त्यात एकच नाव होतं, चाचाचं. निवृत्ती एकतीस जानेवारी. असायला पाहिजे होती एकतीस मे, कारण पहिल्या तारखेचा माणूस आदल्या महिन्याअखेर निवृत्त होतो.

कॉलेजच्या मॅडमला फोन केला. "मेसेजच्या प्रोग्रामची गडबड होती. झाली दुरुस्त."

"बाकी काही नाही ना, सर?"

"नाही."

हा शब्द मी उच्चारला. त्या आठवड्यात कॉलेज काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर सही करणार होतं, आणि त्या पत्रानंतर मला आमच्या टीमचा प्रमुख करणार होते. बापानं बाजारात अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी मनाची समजूत घातली की निवृत्तीचा शेवटचा आदेश काढताना मॅडम जुनं रजिस्टर पाहतीलच. ते रजिस्टर माझ्या खुर्चीमागच्या फळीवर होतं, प्लास्टिकच्या थैलीत. माहिती भरायला आम्ही आणलं होतं, परत द्यायचं राहिलं होतं. ते त्या कुठून पाहणार होत्या?

निरोप समारंभाचं आमंत्रण माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. मी गेलो. नाही गेलो असतो तर बरं झालं असतं, पण न जाणं अजून वाईट दिसलं असतं. सभागृहात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. चाचा नव्या पांढऱ्या शर्टात, शाल खांद्यावरून सारखी घसरून राहिलेली आणि तो ती सारखी सावरून राहिलेला. प्राध्यापक म्हणाले की पस्तीस वर्षांत याच्या हातून एक बरणी फुटली नाही. मग मला बोलायला उभं केलं. साडेसातची लॅब, बिनपंख्याची खुर्ची, सगळं सांगितलं. म्हणालो, मी आज जो काही आहे तो या माणसामुळे. टाळ्या वाजल्या. चाचानं शालीच्या टोकानं डोळे पुसले. मी खाली बसलो. शेजारचा म्हणाला, "मस्त बोलला राजा, मनापासून बोलला."

नंतर चाचा मला लॅबमध्ये घेऊन गेला. ब्युरेट एका रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या तोटीला व्हॅसलीन लावलेलं.

"मार्चात पोरीचं शेवटचं प्रॅक्टिकल हाय, याच लॅबमंदी," तो म्हणाला. त्याची मुलगी तिथेच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, त्यांच्या घरातली पहिली. "पयल्या वर्षापासून तिले सांगतलं होतं, का तुया टेबलावर शिश्या मी मांडीन. बाहेरचा परीक्षक येईन, पाहीन, का परिचराची पोरगी हाय. मंग दोघंबी संगंच निघू कॉलेजातून. दीड महिन्यानं हुकलं, बाप्पा."

मी एका ब्युरेटची तोटी फिरवून पाहिली. तोच बोलत राहिला.

"पन एक गोष्ट सांगू का? अम्मी सांगे, तू झाला तवा कपाशीची वेचनी चालू होती. थंडी अशी का दाईचे हात काकडले. मास्तरनं जून टाकला तं अम्मी शाळेत जाऊन भांडली. मास्तर म्हने, बाई, शाळा जूनले भरते, तुया कपाशीवर नाई." तो हसला. "आन साठ वर्सानं तुमच्या कॉम्प्युटरनं बराबर पकडलं पाय. डिसेंबरात निवृत्तीची नोटीस आली, तिच्यावर सहा जानेवारी! मी घरी जाऊन मोठ्या बहिणीले दाखवलं. ते रडली. म्हने, अम्मी खरं बोलत होती. म्हून त्या दिवशी पेढे वाटले ना. लोक हसून राहिले होते, हसू दे. जिंदगीत पयले पेढे माह्या तारखेचे."

मग त्यानं मला सरळ विचारलं, "कसं काय समजलं रे त्याले?"

मी म्हणालो, "असतं चाचा, सिस्टीममध्ये."

परतीच्या एसटीत बडनेरा येईपर्यंत मी खिडकीला डोकं लावून बसलो. दोनदा उतरून परत जावंसं वाटलं. उतरलो नाही. खिशात समारंभातला पेढा होता, कागदात गुंडाळलेला. तो मी खाल्ला नाही आणि फेकलाही नाही. दुसऱ्या दिवशी पॅन्ट धुवायला टाकली तेव्हा बायकोनं काढला आणि विचारलं, "हे काय चिकट?"

पुढचे पंधरा दिवस मी टीमचा प्रमुख होतो. खुर्ची तीच, मागे फळी तीच, फळीवर थैली. शेवटी एका सकाळी थैली उघडली, चाचाचं पान काढलं. जुन्या हेडक्लार्कनं निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'एक जून', महिना अक्षरात. अक्षरात लिहिलेला महिना कोणालाच उलटा करता येत नाही. मी पानाचा फोटो काढला आणि साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, "फोनवर बोलून घे प्राचार्यांशी. लेखी कशाले देतो? उद्या आपल्यावर येईन."

"आपल्यावरच आहे साहेब."

"आपल्यावर नाही, तुझ्यावर."

"मग माझ्या नावानं देतो," म्हणालो, आणि अकोल्याला जाऊन दिलं. एका पानात सगळं लिहिलं: क्वेरी कशी चुकली, मला कधी समजलं, मी मॅडमला काय खोटं सांगितलं. प्राचार्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "लिहून दिलं हे बरं केलं," ते म्हणाले. "सहा जानेवारीला दिलं असतं तर यात नुसती चूक असती." मग त्यांनी तिथेच पत्र टाइप करून घेतलं, की चाचानं एकतीस मेपर्यंत कामावर परत यावं. मी म्हणालो, पत्र मी नेऊन देतो.

चाचाचं घर जुन्या शहरात, गल्लीच्या टोकाला. मुलगी दारातच खाटेवर वही घेऊन बसली होती. चाचा आत रेडिओ उघडून त्याचे पुर्जे मांडत होता. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, कारण पाणी प्यायल्यावर सांगता आलं नसतं.

त्यानं हातातला पुर्जा खाली ठेवला. पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता.

"म्हंजे ते जानेवारी... कॉम्प्युटरले सापडली नव्हती?"

"नाही चाचा. एक आणि सहा, मी उलटे करून घातले. बस एवढंच."

"अम्मीचं काई नव्हतं त्याच्यात?"

"नाही."

मुलगी वही मिटून उभी राहिली. "दादा, मी एक विचारू? तुमी समारंभात भाषण केलं ना? मी मागंच उभी होती. तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

"सहा तारखेपासून?"

"हो."

"मंग मनापासून काय बोलत होते तुमी?"

चाचा म्हणाला, "चूप बस."

"काहून चूप बसू अब्बू? माह्या प्रॅक्टिकलमंदी टायट्रेशन एका थेंबानं चुकलं तं मी पुरं परत करतो. हे शिकलेले लोक, यायले खरं सांगाले महिना लागला."

मी पत्र पुढे केलं. मुलीनंच घेतलं, वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. "अब्बू, मेपर्यंत बोलावलं! प्रॅक्टिकलच्या आधी! जा ना."

चाचानं पत्र हातात घेतलं, घडी घातली. "शाल घेतली मी," तो म्हणाला. "अख्खं कॉलेज पाया पडलं, फोटू काढले. मोठ्या बहिणीनं शाल अत्तर लावून पेटीत ठेवली. आता सोमवारी जाऊन बरण्या धुवू? लोक काय म्हनतीन, निरोप खोटा होता का? आन माह्या जागेवर जो आला, दोन लेकरांचा बाप हाय. त्याले काय सांगू, ऊठ, कॉम्प्युटर चुकला?"

"प्राचार्य त्याला दुसरीकडे घेतील चाचा, मी बोललो आहे."

"तू लय बोलतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "जवा बोलाचं होतं तवा नाई बोलला."

मुलगी आत निघून गेली. मी पाणी प्यायलो, उठलो. पगाराबद्दल बोललो तर त्यानं हात हलवून थांबवलं. दारापर्यंत सोडायला आला नाही. हातात परत पुर्जा घेतला होता.

कॉलेजनं चार महिन्यांचं जे देणं होतं ते नंतर दिलं, प्राचार्यांनी ते पाहिलं. मार्चातल्या प्रॅक्टिकलबद्दल मला ऑफिसातल्या मॅडमकडून समजलं. नव्या परिचरानं शिश्या नीट मांडल्या होत्या, मुलीचा पेपर चांगला गेला. चाचा दोन्ही दिवस आला होता. गेटवरचा माणूस म्हणाला, आत जा ना, तुम्हाला कोण अडवते? तर तो गाड्या लावतात तिथल्या कठड्यावर बसून राहिला. हातात डबा. लॅबची खिडकी तिथून दिसते. "मी दोनदा चहा पाठवला सर," मॅडम म्हणाल्या, "त्यांनी घेतला, पण आत नाही आले."

आता मी कुठलंही काम घेतलं की अडलेल्या ओळी मागून पाहतो. न अडलेल्या आधी पाहतो. महिना अक्षरात छापून घेतो आणि जुन्या कागदाशी लावतो. आमच्या हाताखालचे लोक वैतागतात. टीमचा प्रमुख मी अजून आहे. साहेबांनी काढलं नाही, आणि मी स्वतःहून सोडलं नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे.

एक जूनला सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. चाचाचं नाव दिसलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"भाऊ," तो म्हणाला. जुळ्या नाही म्हणाला. "कॉलेजच्या मेसेजमंदी आज परत शुभेच्छा आल्या मले. एका सालात दोनदा झालं."

निवृत्तांची नावं त्या यादीतून काढायची राहिली होती. तारीख बरोबर होती, मीच दुरुस्त केलेली.

"काढून टाकतो चाचा."

"नको काढू. जून राहू दे. कागदावर तेच हाय, आता कुठं बदलते." पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मुलगी काहीतरी म्हणाली. मला समजलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. "जानेवारी आमी घरी ठेवून घेतली. बहिन म्हने, चुकून निघाली तरी अम्मीचीच हाय. पुढच्या सालीबी पेढे करीन म्हने."

"बरं चाचा."

"बरं मंग."

तो जरा थांबला. आज माझीही एक जून आहे हे त्याला माहीत होतं. मी वाट पाहिली. फोन ठेवल्याचा आवाज आला तरी कानाला तसाच धरून उभा होतो.